धुंडाळून झालेल्या शेतात जुनी नाणी कशी शोधायची: इंग्लंडमध्ये नव्यानं डिटेक्टर हाती घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेतलात आणि परवानगीसाठी शेतकऱ्यांची दारं वाजवायला लागलात, तर कोरं शेत मिळेल ही आशा सोडून द्या. हा छंद इथे १९७० च्या दशकापासून जोरात आहे. खेड्यालगतचं, नदीच्या उताराचं, जुन्या रस्त्याच्या कडेचं, जे जे रान आशादायक दिसतं तिथे कुणीतरी आधी फिरून गेलेलं असतंच. शेतकरी स्वतःच सांगतो, "खूप जण येऊन गेलेत, आता काही राहिलं नसेल. बघा फिरून." असं म्हणाला की आढेवेढे न घेता हो म्हणा. नवशिक्याला शिकायला असंच शेत बरं, आणि त्यात काही राहिलेलं नाही हे बहुतेक वेळा खरं नसतं.

स्टॅफर्डशरचं उदाहरण घ्या. २००९ च्या जुलैमध्ये हॅमरविच गावाजवळच्या शेतात टेरी हर्बर्ट या डिटेक्टरवाल्याला अँग्लो-सॅक्सन सोन्याचांदीचा प्रचंड साठा लागला. पुढे पुरातत्त्वज्ञांनी जागा पद्धतशीर खोदली, साडेतीन हजारांहून जास्त तुकडे बाहेर काढले आणि काम संपलं असं धरून चालले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तेच शेत नांगरलं गेलं, पुन्हा तपासलं, तर आणखी सुमारे नव्वद तुकडे निघाले. त्यातले ८१ कायद्यानं 'ट्रेझर', म्हणजे सरकारला कळवावाच लागतो असा ठेवा, ठरले. तिथे नाणी नव्हती, पण रान कसं वागतं ते यातून कळतं. तज्ज्ञांनी चाळलेल्या जमिनीची ही गत, तर रविवारी सकाळी हौसेनं फिरून गेलेल्यांच्या शेताचं काय सांगावं!

काय राहतं आणि का राहतं

आधीच्यांनी नेलं ते सोपं होतं. चांगलं जाड गोल नाणं, जमिनीत आडवं पडलेलं, आजूबाजूला लोखंड नाही, अशावर कुठलंही मशीन खणखणीत वाजतं. ती गेली. राहिली ती अडचणीतली.

सगळ्यात जास्त राहतात ती लोखंडाशेजारची. जिथे वस्ती होती तिथे नाणी पडली, आणि तिथेच खिळे, नालांचे तुकडे, कड्या, पत्रेही पडले. बरेच जण मशीनवर डिस्क्रिमिनेशन चढवून लोखंडाचा आवाज बंद करतात आणि निवांत फिरतात. पण खिळा गप्प झाला की त्याला चिकटून असलेलं नाणंही गप्प होतं. शिवाय एका वस्तूवरून सावरून दुसरीला दाद द्यायला मशीनला क्षणभर लागतो. कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या टोकाची तबकडी, भरभर फिरवत असाल तर तेवढ्यात ते नाण्यावरून पुढे निघून जातं. जुन्या मशीनना हा क्षण मोठा लागायचा. आजची मशीन त्यात खूपच चपळ आहेत, आणि जुन्या शेतांना पुन्हा बरे दिवस आले ते मुख्यतः त्यामुळे.

दुसरी, कडेवर उभी राहिलेली. आडव्या नाण्याचा पूर्ण चेहरा कॉइलकडे असतो, उभ्याची नुसती कड. तिसरी, खोल गेलेली. साधारण अकरा इंची कॉइलला पेनीएवढं नाणं पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत नीट कळतं, आणि नांगर त्याहून खाली जातो. यंदा तळाशी असलेलं नाणं पुढच्या नांगरटीत वर येऊ शकतं.

चौथी, बारीक. मध्ययुगीन चांदीची पेनी अठरा-एकोणीस मिलिमीटरची, दीड ग्रॅमच्याही आतली आणि कागदाच्या पुठ्ठ्याइतकी पातळ. त्यात सुटे पैसे हवेत म्हणून लोक ती चक्क कापायचे. भाकरीचा चतकोर मोडावा तसा पेनीचा चतकोर, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम चांदी. एडवर्ड पहिल्यानं १२७९ पासून गोल हाफपेनी आणि फार्दिंग (पाव पेनी) पाडायला घेतल्या, तोवर हेच चाललं. असे तुकडे जुन्या कमी फ्रिक्वेन्सीच्या मशीनना धड ऐकूच यायचे नाहीत.

आधी कागदपत्रं

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक जमिनीला मालक आहे, सार्वजनिक बागेलाही. परवानगी मालकाकडून घ्या आणि लेखी घ्या. शेत कसायला दिलेलं असेल तर कसणाऱ्याचीही घ्या. सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी करायची ते त्याच कागदावर लिहून टाका. निम्मं-निम्मं ही रूढ पद्धत आहे. दोन ओळींचा कागद पुरतो, पण तो हवाच. एकट्या सुट्या नाण्यावर मूळ हक्क सहसा जमीनमालकाचा असतो, हे अनेकांना माहीतच नसतं.

संरक्षित पुरातन स्थळावर, म्हणजे 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट'वर, सरकारी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मालकानं हो म्हटलं तरी गुन्हाच. शेताचा कोपरा अशा हद्दीत जातो का ते वारसास्थळं सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या ऑनलाइन नकाशावर पाहा. पर्यावरण योजनेतली शेतं आणि वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा 'मॅजिक' नावाच्या सरकारी नकाशावर दिसतात. तिथेही वेगळ्या अटी असतात. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत आणि उत्तर आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुरातन वस्तूंच्या शोधात खणणंच बेकायदा आहे. हा लेख त्या दोन्हींसाठी नाही.

विमा घ्या. नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगच्या सभासदत्वासोबत तो मिळतो, आणि विम्याचं कार्ड दाखवलं की शेतकऱ्याचा चेहरा बदलतो.

घरी बसून करायचं काम

आधीचे लोक शेतात कुठे फिरले असतील याचा अंदाज बांधा. बहुतेक जण फाटकातून आत शिरतात, मधल्या सपाटीवर रेंगाळतात, दोन-तीन तासांत कंटाळतात. लांबचे कोपरे, कुंपणाच्या कडा, ओढ्याकाठचा चढ हे भाग कमी तुडवलेले असतात.

नकाशे फुकट आहेत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात, इंग्लंडचेही. त्यात नाहीशी झालेली पायवाट, मोडलेला बांध, गेलेलं गोठ्याचं छप्पर शोधा. आज एकच दिसणारं शेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तीन तुकड्यांत असेल, तर मधले बांध आणि त्यांतली फाटकं कुठे होती ते टिपून ठेवा. माणसं फाटकापाशी थांबतात, टेकतात, खिशात हात घालतात. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या टाइद (चर्चला द्यायचा दशांश) नकाशांवर शेतांची जुनी नावं असतात. 'फेअर फील्ड' (जत्रेचं रान) किंवा 'चॅपल क्लोज' (छोट्या चर्चलगतचं रान) असं नाव दिसलं तर तो दिवस सत्कारणी लागला. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेची लायडार चित्रंही, म्हणजे विमानातून लेझरनं घेतलेली जमिनीच्या उंचसखलपणाची चित्रं, खुली आहेत. जमिनीवर डोळ्याला न दिसणारे जुने चर आणि उंचवटे त्यांत स्पष्ट उमटतात.

शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारा. शेवटचं नांगरलं कधी? आणि कधी 'ग्रीन वेस्ट' टाकलं होतं का? पहिला महत्त्वाचा, कारण हल्ली बरेच जण नांगरतच नाहीत, वरवर कुळवून किंवा थेट पेरून मोकळे होतात. तिथली माती वर्षानुवर्षं उलथलेली नसते, तेव्हा खालची नाणी खालीच. अशात सात-आठ वर्षांनी एकदा नांगर लागणार असेल तर ती तारीख लिहून ठेवा आणि तेव्हा हजर राहा. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' उत्तर आलं तर आभार मानून दुसरं शेत बघा. शहरी कचऱ्याच्या खतातून आलेले ॲल्युमिनियमचे हजारो बारीक कपटे म्हणजे डोक्याला ताप, त्यावर इलाज नाही.

जायचं कधी? ऑगस्ट-सप्टेंबरात पीक निघाल्यापासून पुढची पेरणी उगवेपर्यंत. धसकटं उंच राहिली असतील तर कॉइल जमिनीपासून वरच राहतं आणि तेवढी खोली वाया जाते. नुकत्याच नांगरलेल्या रानात ढेकळांमुळे हीच अडचण. सर्वात छान म्हणजे पेरणीआधी रूळ फिरवून सपाट केलेलं आणि पाऊस पडून गेल्यावर ओल धरलेलं रान. एवढ्यासाठी शेतकऱ्याशी फोनवर बोलणं ठेवा.

मशीन

नवं महाग मशीन घेऊ नका, निदान लगेच नको. हातातलं मशीन नीट ऐकायला शिकायला एक हंगाम लागतो. घ्यायचंच तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं घ्या, वापरलेलं चालेल. मिनलॅब इक्विनॉक्स २०१८ पासून बाजारात आहे, सेकंडहँड सहज मिळतं. एकाच फ्रिक्वेन्सीचं असेल तर पातळ चांदीसाठी जास्त फ्रिक्वेन्सीचं बरं. मशीनपेक्षा आधी पैसे घाला ते सहा इंची लहान कॉइलवर आणि पिनपॉइंटरवर, म्हणजे खड्ड्यात घालायच्या हातातल्या छोट्या डिटेक्टरवर. लहान कॉइलखाली एका वेळी कमी वस्तू येतात, त्यामुळे खिळ्यांच्या गर्दीत नाणं वेगळं ऐकू येतं. खोली थोडी कमी मिळते, पण अशा जागी खोलीचा प्रश्न नसतोच.

सेटिंग असं ठेवा. लोखंड बंद करू नका, त्याला जाड, खालचा आवाज द्या आणि ऐकत राहा. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूवरून सावरून दुसरीला दाद द्यायचा वेग, वाढवा. सेन्सिटिव्हिटी मशीन विनाकारण बडबड करणार नाही इतपतच. जमिनीशी ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज दाबणारी जुळणी) जुळवून घ्या आणि शेताच्या उतारावर माती बदलली की पुन्हा जुळवा. हेडफोन लावा. वाऱ्यात स्पीकरवर ऐकणारे लोक जे सोडून गेले तेच तर आपल्याला शोधायचं आहे.

शेतात जाण्याआधी घरामागच्या हिरवळीवर सराव करा. आजची पाच पेन्सची नाणी वापरू नका, २०१२ पासून ती निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. जुन्या नाण्यांच्या दुकानातून चांदीचं जुनं थ्री-पेन्स घ्या. थोड्या पौंडांत मिळतं, आणि वजनाला मध्ययुगीन पेनीच्या जवळपास तेवढंच असतं. ते ठेवा, दोन्ही बाजूंना गंजके खिळे ठेवा, आणि कॉइल वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगानं फिरवून बघा. मग नाणं कडेवर उभं करून तेच पुन्हा. अर्ध्या तासात कान तयार व्हायला लागतो.

चालायची पद्धत

सगळं शेत पालथं घालायचं नाही, ते आधीच्यांनी केलंय. बागकामाच्या चार बांबूकाठ्या घ्या, आदल्या रात्री निवडलेल्या जागी साधारण वीस मीटरचा चौकोन आखा, आणि त्या दिवशी तेवढाच करा. आधी उत्तर-दक्षिण तास धरून जा, मग त्याच चौकोनात पूर्व-पश्चिम. कडेवर उभं नाणं एका दिशेनं मुकं असतं ते दुसऱ्या दिशेनं बोलतं. दोन दिशा नसतील तर चौकोन अर्धाच झाला.

कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटरवर. झोक्याच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर जातो, ही जवळजवळ सगळ्यांची खोड. टोकालाही कॉइल खालीच ठेवा. पुढचा झोका आधीच्या झोक्यावर निम्मा तरी चढू द्या. आणि वेग? तुम्हाला वाटतोय त्याहून निम्मा. एका झोक्याला दोन-तीन सेकंद घेतले की कंटाळा येतो. तो कंटाळा आधीच्यांनाही आला होता, म्हणून तर शेतात माल आहे.

शंकेचा आवाज

इथेच खरा फरक पडतो. कोऱ्या शेतात तुम्ही सुरेल आवाजांमागे जाता. धुंडाळलेल्या शेतात सुरेल आवाज येत नाही. लोखंडाच्या जाड खरखरीत मधेच एक तुटकी, उंच 'टिक' येते, एकदाच. मशीनच्या पडद्यावरचा आकडा उड्या मारत असतो. आधीचा माणूस इथून पुढे गेला. तुम्ही थांबा.

कॉइल त्याच जागी अगदी आखूड झोक्यात फिरवा, वीतभर. 'टिक' परत आली? आता स्वतः नव्वद अंशांत वळून उभे राहा आणि पुन्हा. मग पिनपॉइंट बटण दाबून वस्तूचा मध्य शोधा. उंच आवाज मध्यावरच येत असेल आणि निदान एका दिशेनं दर वेळी येत असेल तर खणा. वळल्यावर आवाज वीतभर बाजूला सरकत असेल, किंवा मध्यावर निव्वळ खरखर आणि फक्त कडेला 'टिक' असेल, तर बहुधा मोठं लोखंड फसवतंय. 'बहुधा' हा शब्द लक्षात असू द्या. पहिले काही महिने तेही खणा, कारण खणल्याशिवाय कान शिकत नाही. आणि लोखंड काढून टाकलंत की त्याखाली झाकलेलं काय आहे ते पुढच्या झोक्यात कळतं. चांगल्या जागेतलं लोखंड गोळा करून घेऊन जाणं हे निव्वळ सौजन्य नाही, त्यात आपलाच फायदा आहे.

नेहमीचा प्रकार असा. फावड्यानं ढेकूळ काढता, मशीन फिरवता, खड्ड्यात खरखर अजून आहेच. पिनपॉइंटर घालता, तर हातानं ठोकून घडवलेला चौकोनी दांड्याचा खिळा निघतो. इथे बरेच जण शिवी हासडून खड्डा बुजवतात. खड्ड्यावरून आणि बाहेर काढलेल्या मातीवरून, दोन्हींवरून कॉइल पुन्हा फिरवा. मातीच्या ढिगातून आता स्वच्छ, बारीक आवाज येतोय. ढेकूळ हातात दोन तुकडे करा, जो वाजेल तो पुन्हा मोडा. शेवटी नखाएवढं काही करडं दिसतं. एक कड गोलाई घेतलेली, दुसरी सरळ कापलेली. त्यावर काठापर्यंत गेलेल्या क्रॉसची रेघ आणि कोपऱ्यात तीन ठिपके. म्हणजे हेन्री तिसऱ्यानं १२४७ मध्ये आणलेल्या 'लाँग क्रॉस' घाटाच्या पेनीचा तुकडा, क्रॉसच्याच रेघेवर कापलेला.

आता तो अंगठ्यानं चोळू नका! माती म्हणजे वाळू, चांदीवर ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. रोमन काळातल्या हिरव्या पडलेल्या ब्राँझ नाण्यांना तर पाणीसुद्धा दाखवू नका. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत टाका आणि फोनवरच्या ॲपमधून दहा अंकी ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा क्रमांक) पिशवीवर लिहा, म्हणजे जागा काही मीटरांच्या आत नक्की होते.

हे प्रत्येक वस्तूसाठी करा. बटणं, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, कापडाच्या गठ्ठ्यांची शिशाची मोहरं, बकलं, सगळं. रात्री नकाशावर ठिपके मांडले की ते कुठे दाटतात ते दिसतं. पुढच्या वेळी चौकोन तिथे आखायचा. आधीच्या लोकांनी बहुधा हे केलेलं नसतं, म्हणून जुन्या शेतात तुमचा स्वतःचा नकाशा नव्या मशीनपेक्षा जास्त कामाचा.

खणण्याचे चार नियम. गवताळ रानात तीन बाजूंनी कापून गवताचा तुकडा बिजागरीसारखा उलटा, काम झाल्यावर परत बसवून पायानं दाबा. नांगराच्या थराखाली खणू नका. एकाच खड्ड्यातून नाण्यामागून नाणी यायला लागली किंवा मातीत मडकं दिसलं, तर हात मागे घ्या आणि तज्ज्ञांना बोलवा. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सनला एरिक लॉस मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन साठा लागला. थोडं दिसताच त्यांनी कळवलं, आणि पुरातत्त्वज्ञांनी तो जागच्या जागी उकलला. नाणी पंधरा हजारांच्या घरात निघाली. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे. चौथा नियम: बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता दूर जा आणि ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. दुसऱ्या महायुद्धाची जमीन आहे ही.

सापडल्यावर

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे, एकाच ठिकाणची दोन किंवा अधिक नाणी ३०० वर्षांहून जुनी असतील आणि त्यांत किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असेल, तर तो ट्रेझर. तांब्या-ब्राँझसारख्या साध्या धातूची असतील तर किमान दहा नाणी लागतात. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, अपवादात्मक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही यात आल्या. चौदा दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. कायद्यानं ते कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला, पण व्यवहारात आपल्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या तज्ज्ञाला, गाठलं की तेच पुढचं बघतात. म्युझियमनं वस्तू घेतली तर किमतीइतकं बक्षीस सहसा सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. लपवण्यात शहाणपणा नाही. हेरफर्डशरमधल्या लेम्स्टरजवळ सापडलेला व्हायकिंग काळातला साठा दडवणाऱ्यांना २०१९ मध्ये अनेक वर्षांचा तुरुंगवास झाला. परवानगी घेऊन शोधलं आणि कळवलं असतं तर कायदेशीर मोबदला मिळू शकला असता.

सुटं नाणं सहसा ट्रेझर नसतं, तरी ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या वस्तूंच्या नोंदणी योजनेत नोंदवा. नोंद ऐच्छिक आहे, वस्तू तुम्हाला परत मिळते, आणि नोंद घेणाऱ्या लिएझन ऑफिसरकडून एका भेटीत जेवढं शिकायला मिळतं तेवढं व्हिडिओ बघून नाही. त्यांच्या खुल्या डेटाबेसमध्ये पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत. जाण्याआधी आपल्या परिसरातली नाणी त्यात चाळून घ्या.

सुट्टीत मशीन गावी न्यायचा विचार असेल तर

नेऊ नका. भारतात असा छंद कायद्याच्या चौकटीत बसत नाही. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टनुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, मग शेत तुमच्या काकांचं का असेना. संरक्षित गडकोटांच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदणं हा सरळ गुन्हा. त्यात गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे मांत्रिकापासून पोलिसांपर्यंत काय काय मागे लागतं ते सांगायला नको.

शिवराईची हौस असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात विकत घ्या, साध्या शिवराया अजूनही परवडतात. मात्र त्या भारतातच ठेवा. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, घरातल्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या असलेलं असलं तरीही. उलट दिशेनंही जपून. ब्रिटनच्या जमिनीत सापडलेली जुनी वस्तू बाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागू शकतो. तुमची पेनी पुण्याला आईला दाखवायला न्यायची असेल तर आधी लिएझन ऑफिसरला विचारा, किंवा सरळ फोटो पाठवा.